‘फक्त बंपरचं काम होतं’ : सॅल्व्हेज शिक्क्याची गाडी घ्यावी का?

प्रश्न : आदरणीय ताई, मी मूळचा सांगलीचा असून सध्या टेक्ससमधील रिचर्डसन येथे मास्टर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या महिन्यापासून मला प्लेनो येथे इंटर्नशिप मिळाली आहे आणि कामाच्या वेळांना सोयीची बस नसल्यामुळे गाडी घेणे भाग आहे. आमच्या मराठी मित्रमंडळाच्या ग्रुपवरून एका ज्येष्ठ गृहस्थांची ओळख झाली. लिलावातून गाड्या घेऊन, दुरुस्त करून विकणे हा त्यांचा जोडधंदा आहे आणि महिन्याला एक-दोन गाड्या ते सहज विकतात. त्यांच्याकडे २०१९ची होंडा सिव्हिक आहे. ती ६२,००० मैल चाललेली असून ते ९,८०० डॉलर मागत आहेत. तशाच गाड्या इतरत्र साडेपंधरा हजारांच्या आत दिसत नाहीत. टायटलवर मात्र ‘रीबिल्ट सॅल्व्हेज’ असे छापलेले आहे. ते म्हणतात, ‘फक्त पुढच्या बंपरचं आणि एका लाइटचं काम होतं. इथल्या विमा कंपन्या उगाचच गाडी टोटल करतात. दोन वर्षं माझी बायको हीच गाडी चालवतेय.’ मी गाडी चालवून पाहिली, छान वाटली. तिचा इतिहासाचा रिपोर्टही काढला. त्यात ‘सॅल्व्हेज, फ्लोरिडा, नोव्हेंबर २०२२’ आणि ‘रीबिल्ट, टेक्सस, मार्च २०२३’ अशा दोन नोंदी आहेत, अपघाताची नोंद मात्र नाही. माझ्याजवळ एकूण ११,००० डॉलर आहेत आणि त्यांतले ४,००० बाबांनी पाठवलेले आहेत. रविवारपर्यंत होकार द्यायचा आहे, नाहीतर ते दुसऱ्याला देणार आहेत. काय करू? – र., रिचर्डसन

उत्तर : प्रिय र., तुमच्याजवळ रविवारपर्यंतचाच वेळ असल्यामुळे आधी उत्तर देते आणि मग कारणे सांगते. या गाडीचे पैसे रविवारी देऊ नका. विसार म्हणून शंभर डॉलरही देऊ नका. सॅल्व्हेजचा शिक्का असलेली प्रत्येक गाडी वाईटच असते असे माझे म्हणणे नाही. पण तुम्ही लिहिलेल्या माहितीतच अशा दोन-तीन गोष्टी आहेत की त्यांचा उलगडा होईपर्यंत या गाडीत बसून रोज महामार्गावर जाणे मला तुमच्यासाठी योग्य वाटत नाही. मी ह्यूस्टनमध्ये विमा कंपनीच्या वाहन-दावे विभागात चौदा वर्षे काम केले आहे आणि गाडी ‘टोटल’ कशी होते, म्हणजे विमा कंपनी ती पूर्ण बाद कशी धरते, हे टेबलाच्या आतल्या बाजूने पाहिले आहे. पुढचे सारे त्या अनुभवावरून लिहीत आहे.

प्रथम त्या शिक्क्याविषयी. आपल्याकडच्या आरसीवर मालकाचे नाव, चॅसी नंबर आणि इंजिन नंबर असतो, पण गाडीवर पूर्वी काय बेतले हे त्यावर लिहिलेले नसते. त्यामुळे भारतातून नव्याने आलेल्या माणसाला टायटलवरच्या या दोन शब्दांचे वजन चटकन लक्षात येत नाही. टायटल म्हणजे राज्य सरकारने दिलेला मालकीचा दाखला. गाडीचे नुकसान तिच्या किमतीच्या मानाने फार मोठे असेल, तर विमा कंपनी मालकाला गाडीची किंमत देते, गाडी स्वतःच्या ताब्यात घेते आणि मूळ टायटल सरकारजमा करून तिच्या नावे ‘सॅल्व्हेज’ टायटल घेते. त्या अवस्थेत गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. मग ती लिलावात जाते. (असे लिलाव करणाऱ्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एक, कोपार्ट, हिचे मुख्यालय तुमच्या डॅलसमध्येच आहे.) लिलावात ती घेणारा माणूस तिची दुरुस्ती करतो, राज्याकडे अर्ज करतो आणि टायटलवर ‘रीबिल्ट’ असे लिहून येते. हा शिक्का गाडीच्या कागदावर जन्मभर राहावा अशी व्यवस्था आहे. याहूनही वाईट अवस्थेतल्या गाडीला दुरुस्तीयोग्य नसल्याचा दाखला दिला जातो आणि ती केवळ सुट्या भागांसाठी विकता येते.

आता ‘विमा कंपन्या उगाचच टोटल करतात’ या वाक्याकडे वळू, कारण तुमचा सारा निर्णय त्यावर उभा आहे. गाडी कधी टोटल धरायची याचा नियम प्रत्येक राज्याचा वेगळा आहे. टेक्ससमध्ये दुरुस्तीचा खर्च गाडीच्या त्या वेळच्या बाजारभावापेक्षा जास्त व्हावा लागतो, न्यू यॉर्कमध्ये ही मर्यादा पंचाहत्तर टक्क्यांची आहे, आणि जिथे तुमच्या सिव्हिकला शिक्का बसला त्या फ्लोरिडात ती ऐंशी टक्क्यांची आहे. २०२२च्या अखेरीस वापरलेल्या गाड्यांचे भाव चढलेले होते. तेव्हा तीन वर्षांच्या सिव्हिकची किंमत आपण कमीत कमी म्हणून अठरा हजार डॉलर धरू. तिचे ऐंशी टक्के म्हणजे १४,४०० डॉलर होतात. पुढचा बंपर, एक हेडलाइट, रंगकाम आणि मजुरी असे सगळे मिळून चांगल्या गॅरेजमध्येही दोन-अडीच हजारांच्या आसपास खर्च आला असता. म्हणजे मधल्या बारा हजारांचे नुकसान कुठे होते, हे तुम्हाला कोणी सांगितलेले नाही. कंपन्या कधी कधी मर्यादेच्या बऱ्याच आधी गाडी सोडून देतात, हे खरे आहे. सुटे भाग मिळत नसतील, भाड्याच्या गाडीचा खर्च वाढत असेल किंवा चोरीला गेलेली गाडी दावा चुकता केल्यानंतर सापडली असेल, तर असे होते. चोरीनंतर धडधाकट सापडलेली गाडी सॅल्व्हेज असूनही उत्तम असू शकते. पण मग विक्रेत्याने ‘चोरीची होती’ असे सांगितले असते. ‘बंपर’ असे सांगितले नसते.

तुमच्या रिपोर्टमधली जी ओळ तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात, तिच्यापाशी मी मात्र थांबले : फ्लोरिडा, नोव्हेंबर २०२२. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला इयन नावाचे चक्रीवादळ फ्लोरिडाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर आदळले आणि फोर्ट मायर्सच्या परिसरात समुद्राचे पाणी वस्तीत शिरले. हजारो गाड्या पाण्याखाली गेल्या. दावा नोंदवणे, गाडी ओढून आणणे, तपासणी, भरपाई आणि टायटल बदलणे या सगळ्याला साधारण महिना-दोन महिने लागतात. या हिशेबाने नोव्हेंबर ही तारीख नको तितकी जुळते. अपघाताची नोंद नसणे ही गोष्टही तुम्हाला दिलासा देणारी वाटली असेल, पण गाडी पाण्यात बुडते तेव्हा अपघात होतच नाही आणि पोलिसांचा अहवालही बनत नाही. तुमची गाडी पुराचीच आहे असे मी म्हणत नाही, कारण फ्लोरिडात नोव्हेंबरातही गाड्या गाड्यांवर आदळतात. मात्र या दोन शक्यतांपैकी कोणती खरी, हे कळण्याआधी पैसे देणे म्हणजे डोळे मिटून विहिरीत उडी घेणे आहे.

तुम्ही सांगलीचे आहात, म्हणून पुराच्या गाडीविषयी तुम्हाला फार समजावून सांगावे लागणार नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती आणि पाणी ओसरल्यावर भिंतींवर जी मातकट रेघ राहिली ती तुमच्या घरात किंवा शेजारी तुम्ही पाहिली असेल. तशीच रेघ पुरात बुडालेल्या गाडीतही सापडते, फक्त ती शोधावी लागते. समोरच्या सीटचा पट्टा हळूहळू ओढत अगदी शेवटपर्यंत बाहेर काढा. गाडी धुणारा माणूस पट्ट्याचा रोज दिसणारा भाग धुतो, पण आत गुंडाळलेला शेवटचा हातभर भाग सहसा तसाच राहतो. तिथे रंग बदललेला दिसला, बारीक गाळ बोटाला लागला किंवा कुबट वास आला, तर त्या गाडीपाशी आणखी एक मिनिटही थांबण्याचे कारण नाही. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. कृष्णेचे पाणी गोडे होते, तर इयनचे समुद्राचे होते. खारे पाणी वायरिंगच्या जोडांत शिरले की तांबे आतून खात राहते आणि त्याचा परिणाम महिन्यांनी, कधी वर्षांनी दिसतो. ‘दोन वर्षं माझी बायको चालवतेय’ या वाक्याने म्हणूनच माझे समाधान होत नाही.

हे मी स्वतः भोगलेले आहे. २००९ साली, विमा क्षेत्रात येण्याआधी, मी आणि माझ्या पतीने ह्यूस्टनमध्ये एका खासगी विक्रेत्याकडून ६,८०० डॉलरला एक सेडान घेतली. आदल्या वर्षी, १३ सप्टेंबर २००८ला, आइक वादळ गॅल्व्हेस्टनवर येऊन गेले होते, हे आम्हाला ठाऊक होते. पण टायटल अगदी स्वच्छ होते आणि तेवढ्यावर आम्ही निश्चिंत झालो. पाचव्या महिन्यात कोरड्या दिवशी वायपर आपोआप फिरू लागले. सातव्या महिन्यात एसी लावला की ओल्या पोत्यासारखा वास येऊ लागला. आणि एका शुक्रवारी संध्याकाळी, सासूबाई आणि तीन वर्षांची मुलगी मागे बसलेली असताना, आंतरराज्य महामार्ग ४५च्या मधल्या लेनमध्ये डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागले आणि इंजिन बंद पडले. मागून येणाऱ्या ट्रकच्या चालकाने वेळीच ब्रेक लावला म्हणून आज हे लिहीत आहे. मेकॅनिकने सीट काढून खालचा गालिचा उचलला, तेव्हा फोममध्ये पिठासारखा बारीक गाळ वाळून बसलेला होता आणि वायरींच्या जोडांवर हिरवट-पांढरी पूड धरली होती. विक्रेत्याचा फोन बंद होता. पुढे कागद शोधले तेव्हा कळले की गाडीचे टायटल मध्यंतरी दुसऱ्या राज्यातून फिरून आले होते आणि त्या प्रवासात त्यावरचा पुराचा शिक्का गळून पडला होता. या प्रकाराला इथे ‘टायटल धुणे’ म्हणतात. असे प्रकार आता पूर्वीपेक्षा अवघड झाले आहेत, कारण २००९पासून विमा कंपन्यांना आणि भंगार-वाहनांच्या व्यापाऱ्यांना टोटल झालेल्या गाड्यांची माहिती केंद्रीय न्याय खात्याच्या देखरेखीखालील राष्ट्रीय टायटल-नोंदणी व्यवस्थेकडे द्यावी लागते. पण तेही पूर्ण थांबलेले नाहीत, आणि ज्या गाडीचा विमाच नव्हता तिची तर अनेकदा कुठेच नोंद होत नाही.

समजा, गाडी पाण्यातली नाही आणि खरोखरच समोरून ठोकलेली आहे. तरीही माझी काळजी संपत नाही, कारण मग प्रश्न एअरबॅगचा येतो. बारा-चौदा हजारांचे नुकसान होईल अशी समोरची धडक बसली असेल, तर एअरबॅग उघडल्या असण्याचीच शक्यता अधिक आहे, आणि एकदा उघडलेली एअरबॅग बदलावीच लागते. कंपनीच्या अस्सल एअरबॅगा, त्यांचे सेन्सर आणि सीटच्या पट्ट्यांचे ताणक बदलायचे तर खर्च काही हजार डॉलरांवर जातो. नेमक्या याच ठिकाणी स्वस्तात गाडी उभी करणारा माणूस हात आखडता घेतो. एअरबॅग फुगवणारी धातूची डबी, म्हणजे इन्फ्लेटर, ही मुळात एक लहानशी स्फोटक वस्तू असते. ती निकृष्ट असेल तर पिशवी फुगवण्याऐवजी ती स्वतःच फुटते आणि धातूचे तुकडे चालकाच्या छातीत, मानेत आणि चेहऱ्यात शिरतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०२४च्या जुलैमध्ये याविषयी जाहीर इशारा दिला होता. त्याआधीच्या नऊ महिन्यांत बदलून बसवलेल्या निकृष्ट इन्फ्लेटरमुळे तीन जणांचा मृत्यू झाला होता आणि दोघे कायमचे विद्रूप झाले होते. त्या माणसांचे अपघात एरवी जीव वाचावा असे होते, ही गोष्ट मला सर्वांत जास्त लागते. ज्या वस्तूने त्यांना वाचवायचे होते तिनेच त्यांचा घात केला. वापरलेली गाडी घेताना तिचा पूर्वीचा अपघात आणि टायटल तपासा, असे त्या प्रशासनाचे सांगणे आहे आणि ते तुमच्यासारख्या खरेदीदारासाठीच आहे.

एअरबॅगची एक तपासणी तुम्ही स्वतः करू शकता. इंजिन सुरू न करता गाडीचे इग्निशन चालू करा आणि डॅशबोर्डवरच्या एअरबॅगच्या दिव्याकडे पाहा. तो लागला पाहिजे आणि काही सेकंदांनी विझला पाहिजे. तो लागून राहिला तर बिघाड आहे हे उघडच आहे. पण तो मुळात लागलाच नाही, तर त्याचा अर्थ अधिक वाईट आहे : कोणीतरी तो दिवा मुद्दाम काढला असण्याची शक्यता आहे. दिवा नीट वागला म्हणून मात्र खात्री धरू नका. एअरबॅगच्या जागी छोटा रेझिस्टर बसवून गाडीच्या संगणकाची समजूत काढणारे लोकही आहेत. आमच्या विभागात आलेल्या एका गाडीत स्टीअरिंगच्या झाकणामागे पिशवीच्या जागी नुसती दुमडलेली चिंधी होती, आणि दिवा मात्र बरोबर लागत व विझत होता. म्हणून ती एअरबॅग कुठून घेतली याची पावती मागायची, आणि पावतीवर याच गाडीचा सतरा अंकाक्षरी व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) किंवा निदान भागाचा क्रमांक आहे का ते पाहायचे.

‘बंपरचंच काम’ हे शब्द २०१९च्या सिव्हिकच्या बाबतीत आणखी एका कारणाने हलके घेण्यासारखे नाहीत. त्या वर्षीच्या जवळजवळ प्रत्येक सिव्हिकमध्ये समोरचा धोका ओळखून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा आहे. तिचे रडार गाडीच्या नाकाशी असते आणि कॅमेरा पुढच्या काचेमागे असतो. बंपर किंवा काच बदलल्यावर या दोन्हींची दिशा यंत्राने मोजून पुन्हा जुळवावी लागते. ती थोडी जरी चुकली तरी गाडी मोकळ्या रस्त्यावर मध्येच ब्रेक लावू शकते, किंवा जिथे लावायला हवा तिथे लावत नाही. गल्लीतल्या दहा मिनिटांच्या चक्करमध्ये यातले काहीही कळत नाही.

राहिला गाडीचा सांगाडा. आजकालच्या मोटारींना वेगळी चॅसी नसते. सगळा पत्रा मिळूनच सांगाडा बनतो आणि कुठे तो चुरगळायचा व कुठे ताठ राहायचा हे आधीच ठरवलेले असते. तो चुकीच्या पद्धतीने जोडला तर बाहेरून लांबी (पुट्टी) भरून, रंग देऊन गाडी शोरूमसारखी दिसते, आणि दुसऱ्या धडकेत ती पहिल्यासारखी वागत नाही. तुमच्याच डॅलसमध्ये २०१७ साली एका खटल्याचा निकाल लागला होता. गारांच्या माराने खराब झालेले २०१०च्या होंडा फिटचे छप्पर एका बॉडी शॉपने बदलले, पण निर्मात्याने सांगितल्याप्रमाणे वेल्डिंग करण्याऐवजी ते चिकट द्रव्याने चिकटवले. पुढे ती गाडी घेतलेल्या दांपत्याला अपघात झाला, सांगाडा कोसळला आणि दोघेही अतिशय गंभीर जखमी झाले. ज्यूरीने त्या दुकानाच्या वाट्याला ३ कोटी १५ लाख डॉलरची भरपाई लावली. लक्षात घ्या, हे काम एका प्रस्थापित दुकानातले होते. लिलावातून घेतलेल्या गाडीचे काम घराच्या गॅरेजमध्ये किंवा ओळखीच्या माणसाकडून झालेले असते, आणि उद्या काही झाले तर जबाबदार धरायला तिथे पाटी लावलेले दुकानही नसते.

तुमच्या मनात आले असेल की सरकारने ‘रीबिल्ट’ म्हणून कागद दिला म्हणजे कोणीतरी गाडी तपासली असणारच. हा गैरसमज फार पसरलेला आहे. टेक्ससमध्ये दुरुस्त करणारा माणूस काय दुरुस्त केले आणि भाग कुठून आणले याचे निवेदन स्वतःच भरून देतो. ज्या राज्यांत प्रत्यक्ष तपासणी होते, तिथेही अनेकदा तिचा हेतू चोरीचे भाग वापरलेले नाहीत ना एवढे पाहण्याचा असतो, आणि न्यू यॉर्कमधील तपासणी ही सुरक्षेची तपासणी नव्हे. शिवाय १ जानेवारी २०२५पासून टेक्ससने खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणीही बंद केली आहे. डॅलस परिसरातल्या परगण्यांत धुराची चाचणी अजून होते, पण तिचा एअरबॅगशी किंवा सांगाड्याशी काही संबंध नाही. तेव्हा ‘रजिस्ट्रेशन व्यवस्थित आहे’ याचा अर्थ कर आणि शुल्क भरलेले आहे, इतकाच घ्यावा.

पैशाच्या बाजूविषयी थोडक्यात सांगते. टेक्ससमध्ये सक्तीचा असलेला दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा या गाडीला मिळेल. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र काही कंपन्या रीबिल्ट गाडीला देतच नाहीत, आणि ज्या देतात त्या भरपाई करताना शिक्क्यामुळे घसरलेली किंमत धरतात. तुमची चूक नसताना कोणी येऊन धडकला तरी त्याची विमा कंपनी हाच हिशेब लावते. असे दावे मी स्वतः बंद केले आहेत आणि समोरच्या माणसाचा चेहरा पाहवत नसे. निर्मात्याची उरलेली वॉरंटी टोटल झालेल्या गाडीला सहसा लागू राहत नाही. आणि आज तुम्हाला जी सूट मिळते आहे तीच उद्या विकताना तुम्हाला द्यावी लागेल. विद्यार्थी असल्यामुळे नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात किंवा घरी परत जाताना तुम्हाला आठ-दहा दिवसांत गाडी विकावी लागेल, आणि त्या घाईत शिक्क्याच्या गाडीला गिऱ्हाईक मिळणे कठीण जाते. म्हणजे ५,७०० डॉलर वाचले असे आज दिसते, पण त्यांतला बराचसा भाग पुढच्या विक्रीत निघून जाणार आहे. त्यातही ११,०००पैकी ९,८०० गाडीत घातले, त्यावर सव्वासहा टक्के विक्रीकर आणि टायटलचे शुल्क भरले, की हाती सहाशेसुद्धा उरणार नाहीत. पहिल्या विम्याचा हप्ता आणि पहिली दुरुस्ती यांसाठी बाबांना पुन्हा फोन करावा लागेल.

आता त्या ज्येष्ठ गृहस्थांविषयी, कारण पत्रावरून मला वाटते की गाडीपेक्षा त्यांना नाही कसे म्हणावे याचीच तुम्हाला अधिक अडचण आहे. परक्या देशात आपली भाषा बोलणारा वडीलधारा माणूस भेटला की त्याच्यावर विश्वास टाकावासा वाटतो, आणि तसे वाटण्यात काही चूक नाही. ते खोटेच बोलत आहेत असेही मी म्हणणार नाही. लिलावाच्या आवारात काही मिनिटांत गाडी पाहून घेणाऱ्यालाही सगळे ठाऊक असतेच असे नाही. परंतु वर्षभरात पाच किंवा त्याहून अधिक गाड्या विकणाऱ्याला टेक्ससमध्ये डीलरचा परवाना लागतो. परवानाधारक डीलरला केंद्रीय नियमानुसार गाडीच्या काचेवर खरेदीदारासाठीचे माहितीपत्रक लावावे लागते आणि त्यात वॉरंटी आहे की गाडी ‘आहे तशी’ विकली जात आहे, हे लिहिलेले असते. महिन्याला एक-दोन गाड्या विकणाऱ्या या गृहस्थांकडे परवाना आहे का, हे विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही. नसेल, तर उद्या तक्रार घेऊन जायला तुम्हाला दारही सहज सापडत नाही.

त्यांना आजच, फोनवर नव्हे तर लिहून, पुढीलप्रमाणे संदेश पाठवा : ‘काका, गाडी मला आवडली आहे. निर्णय घेण्यापूर्वी लिलावात घेतली तेव्हाचे दुरुस्तीआधीचे फोटो, लिलावाची पावती, एअरबॅग बदलल्या असतील तर त्यांच्या पावत्या आणि रडार-कॅमेरा जुळवल्याचा कागद पाहायला मिळाला तर बरे होईल. माझ्या खर्चाने माझ्या मेकॅनिककडे गाडी तासभर उचलून पाहायची आहे. यासाठी रविवारऐवजी पुढच्या शनिवारपर्यंत वेळ द्यावा, ही विनंती.’ गाडी त्यांनी स्वतःच दुरुस्त करून घेतली असल्यामुळे यातला प्रत्येक कागद त्यांच्याकडे असायला हवा. दुरुस्तीचे निवेदन तर त्यांनी सरकारला भरून दिलेलेच आहे. त्यांनी फोटो नाहीत असे म्हटले तरी तुम्ही स्वतः व्हीआयएन अवतरणचिन्हांत घालून इंटरनेटवर शोधून पाहा. लिलावातले जुने फोटो अनेकदा कुठे ना कुठे शिल्लक असतात आणि एका फोटोत सारा वाद मिटतो. राष्ट्रीय विमा गुन्हे विभागाच्या संकेतस्थळावर आणि महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या रिकॉल-शोधात (सदोष भागासाठी निर्मात्याने गाडी परत बोलावली आहे का, हे तिथे कळते) व्हीआयएन टाकायला काही पैसे पडत नाहीत, तेही करून घ्या. व्हीआयएन तीन ठिकाणी जुळतो का पाहा : डॅशबोर्डवर काचेतून दिसणारी पट्टी, चालकाच्या दाराच्या चौकटीवरचे लेबल आणि टायटल.

मेकॅनिक तुमचा हवा, त्यांनी सुचवलेला नको. अशा तपासणीला दीडशे ते अडीचशे डॉलर पडतील. त्याला गाडी लिफ्टवर घ्यायला सांगा, पुढच्या सांगाड्याच्या पट्ट्या आणि वेल्डिंग पाहायला सांगा, रंगाची जाडी मोजायला सांगा आणि संगणक जोडून अंतर्गत चाचण्या पूर्ण झालेल्या आहेत का ते वाचायला सांगा. विक्रीच्या आदल्या दिवशी दोष पुसून टाकले असतील, तर त्या चाचण्या अपूर्ण दिसतात. डिकीतले स्टेपनीचे खोबण आणि सीटखालचे बोल्ट त्याला नक्की दाखवा, कारण तिथला गंज धुऊन जात नाही. तपासणीला ते तयार झाले नाहीत तर बोलणे तिथेच थांबवा आणि त्यासाठी वेगळे कारण देत बसू नका. ‘घरी विचारलं, बाबांनी नको म्हटलं’ एवढे म्हणालात तरी आपल्या माणसांत ते समजून घेतले जाते, आणि मंडळाच्या गणपतीला समोरासमोर आल्यावर कोणाला अवघडल्यासारखे होत नाही.

सारे कागद आले, फोटोत खरेच लहानशी धडक दिसली, मेकॅनिकने बरे म्हटले, आणि तुमच्या विमा कंपनीने कोणते संरक्षण देणार हे ईमेलवर कळवले, तर मी माझे मत बदलीन. तरीही ९,८०० देऊ नका, आठ हजारांच्या वर जाऊ नका. पण मला विचाराल तर त्याच दिवसांत दुसरीकडेही शोधत राहा. स्वच्छ टायटलची, एकाच मालकाची, २०१२ ते २०१४च्या सुमाराची कोरोला किंवा सिव्हिक, लाखावर मैल चाललेली आणि सर्व्हिसच्या पावत्या असलेली, सात ते आठ हजारांच्या आसपास मिळू शकते. ती दिसायला साधी असेल आणि तिच्यात आपोआप ब्रेक लावणारे रडारही नसेल, पण तिच्या एअरबॅगा कारखान्यात बसवलेल्या असतील. तीही याच पद्धतीने तपासून घ्या, आणि जुन्या होंडा-टोयोटांच्या बाबतीत टकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगचा रिकॉल पूर्ण झाला आहे का ते व्हीआयएनवरून आवर्जून पाहा. तो राहिला असेल तर डीलरकडे तो मोफत करून मिळतो. इंटर्नशिपचे पहिले दोन-तीन आठवडे प्लेनोला जाणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याबरोबर पेट्रोलचे पैसे वाटून जा. रिचर्डसनमध्ये आपली इतकी मुले आहेत की ग्रुपवर विचारलेत तर कोणीतरी नक्की सापडेल. काकांकडून दुरुस्तीआधीचे फोटो आले, तर ते व्हीआयएनसह मला पाठवा. मी पाहून दोन दिवसांत कळवीन.